बारावीनंतर सैन्यात जाऊ का? – परमवीर रामा राघोबा राणे यांचं चरित्र सांगताना



गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी शाळेत आला. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, आता बारावीला आहे. त्याला निर्गम उतारा हवा होता, जन्मतारखेसाठी. कशाला हवा म्हणून विचारलं तर म्हणाला की सैन्यभरतीचा अर्ज भरायचाय. उंची चांगली झालीय, रोज पहाटे बंधाऱ्यापर्यंत धावतो. मला बरं वाटलं. दोन दिवसांनी त्याची आई आली. तिचं म्हणणं उलट होतं. मोठ्या दोघी मुलींची लग्नं झालेली, घरात हा एकटाच. गुरुजी, तुमचं तो ऐकतो, तुम्हीच त्याला समजावा, असं ती सांगून गेली.

आता तुम्हीच सांगा, मी कुणाला काय समजावणार? जा म्हणावं तर आईचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. नको म्हणावं तर ज्या पोराला मी १५ ऑगस्टला देशभक्तीची गाणी शिकवली, त्याला कोणत्या तोंडानं सांगू? खरं सांगायचं तर बारावी झाल्यावर मीही एकदा भरतीला गेलो होतो. सोळाशे मीटरच्या धावण्यातच बाहेर पडलो आणि मग डी.एड.ला प्रवेश घेतला. म्हणजे माझा निर्णय माझ्या दमानं घेतला, मी नाही.

अशा वेळी मी सल्ला देत नाही, चरित्र सांगतो. या मुलाला आणि त्याच्या आईला जे चरित्र सांगितलं तेच तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय. तुमच्या वर्गातही असा एखादा असेलच. नववी-दहावीच्या मुलांना हे वाचून दाखवायला हरकत नाही, पालकसभेत सांगितलं तर आणखी बरं.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव चेंडिया, कारवारजवळचं. आज ते कर्नाटकात आहे, पण तेव्हा कारवारचा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात होता. समुद्र, खाजण, नारळी आणि मागे लगेच सह्याद्री. आपल्या कोकणासारखंच, फक्त गोव्याच्या पलीकडे. वडील पोलीस शिपाई. पोलिसाच्या घरात काय होतं तुम्हाला माहीत आहे, बदली झाली की बिऱ्हाड उचलायचं. त्यामुळे रामाची शाळा एका जागी झाली नाही. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या गावांत, जिथं वडिलांचं ठाणं तिथं शाळा.

(इथे एक आपल्या धंद्यातली गोष्ट. वर्षाच्या मध्येच दाखल होणारं मूल आपल्याला नकोसं वाटतं. पुस्तकं नाहीत, मागचा अभ्यास झालेला नाही, पटावर नाव चढवायची कटकट. पुढच्या वेळी असं मूल आलं की मला तरी हा कारवारचा मुलगा आठवेल.)

१९३० साल आलं. देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. कारवार भागात त्याचं मोठं ठिकाण म्हणजे अंकोला, चेंडियापासून फार लांब नाही. लोकांनी मीठ तयार केलं, कायदा मोडला, तुरुंग भरले. पुढे त्या भागात सारा न भरण्याची चळवळही जोरात झाली, माणसांनी जमिनी गमावल्या. रामा तेव्हा बारा वर्षांचा. बारा म्हणजे आपल्या सहावी-सातवीच्या बाकावरचं वय. या वयात वातावरण अंगात भिनतं आणि तो चळवळीकडे ओढला गेला.

आता घरची परिस्थिती बघा. वडील सरकारच्या पोलिसात. दिवसा ज्यांना पांगवायचं त्या गर्दीत आपलाच पोरगा उभा असण्याची भीती. नोकरीचा प्रश्न आणि पोराच्या डोक्यावर लाठी बसण्याचाही. वडिलांना धास्ती पडली आणि त्यांनी कुटुंब सरळ गावी, चेंडियाला हलवलं. यात वडिलांना कमी लेखण्यासारखं मला काही वाटत नाही. परवा माझ्यासमोर बसलेली आई आणि १९३० चा तो पोलीस शिपाई, दोघांची काळजी एकाच जातीची आहे.

आणि आता या चरित्रातली खरी गाठ येते. ज्या मुलाला बाराव्या वर्षी इंग्रज सरकारविरुद्धच्या चळवळीनं ओढलं, तोच मुलगा बाविसाव्या वर्षी, १० जुलै १९४० रोजी, त्याच सरकारच्या सैन्यात भरती झाला.

मुलांना हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, असं कसं? तो इंग्रजांना फितूर झाला का? प्रश्न रास्त आहे, टाळू नका. त्या काळात हा प्रश्न घराघरात होता. दुसरं महायुद्ध सुरू होऊन दहा महिने झाले होते. हिंदी लोकांना न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला गेला म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ मध्येच राजीनामे दिले होते. राणे भरती झाले त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९४० मध्ये, विनोबांनी पवनारला युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. दुसरीकडे सावरकर तरुणांना सांगत होते की सैन्यात शिरा, शस्त्र चालवायला शिका. दोघंही देशभक्त, दोघंही महाराष्ट्रातले आणि सल्ला अगदी विरुद्ध. त्यात खेड्यातल्या तरुणाला आणखी एक बाजू दिसत होती, ती म्हणजे पोटाची. पगार, कपडालत्ता, दोन वेळचं जेवण आणि हातात काहीतरी कसब. युद्धाच्या सुरुवातीला साधारण दोन लाख असलेलं हिंदी सैन्य युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेलं. ते सगळे आपणहून भरती झालेले, सक्तीची भरती नव्हती. एवढ्या पंचवीस लाखांना फितूर म्हणायचं तर गावोगावच्या किती घरांना म्हणावं लागेल!

माझं मत विचाराल तर सैन्यात जाणं आणि देश कुणाच्या ताब्यात असावा याबद्दल मत असणं, या दोन गोष्टी त्या पिढीनं एकाच खांद्यावर वाहिल्या. ओझं हलकं नव्हतं. आपल्या मुलांवर ते ओझं नाही, हे मात्र त्यांना कळलं पाहिजे.

राणे भरती झाले ते बॉम्बे सॅपर्समध्ये. त्यांचं केंद्र पुण्याजवळ खडकीला, आजही तिथंच आहे. जुन्या मराठीत या पलटणीला फार छान शब्द आहे, सफरमैना. सॅपर्स अँड मायनर्सचा आपल्या लोकांनी केलेला उच्चार. माझे आजोबा हा शब्द वापरायचे आणि मला लहानपणी वाटायचं की हा एखादा पक्षी असावा.

पालकांनी हे जरूर समजून घ्यावं, कारण आपल्याकडे सैन्य म्हटलं की फक्त बंदूक डोळ्यांपुढे येते. सफरमैनाचं काम बांधायचं आणि उडवायचं. सैन्याला नदी पार करायची आहे, पूल यांनी बांधायचा. शत्रू मागून येतोय, तोच पूल यांनी उडवायचा. रस्ता करणं, पाण्याची सोय करणं, शत्रूनं पेरलेले सुरुंग हातानं शोधून निकामी करणं. यात गणित लागतं, विज्ञान लागतं आणि सगळ्यात जास्त लागतो शांत हात. सुरुंग काढणाऱ्याला पुढच्या फळीबरोबर, कित्येकदा तिच्याही पुढे जावं लागतं, कारण रस्ता मोकळा झाल्याशिवाय मागचे येणार कसे? त्या कामात दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे गोळी आली तर उलट गोळी झाडायलाही हात मोकळा नाही. याच बॉम्बे सॅपर्सबरोबर काम करणाऱ्या प्रेमिंद्रसिंग भगत या तरुण अधिकाऱ्यानं १९४१ च्या सुरुवातीला आफ्रिकेतल्या मोहिमेत सलग चार दिवस सुरुंग काढत पंचावन्न मैलांचा रस्ता मोकळा केला आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता.

शाळा तुकड्यातुकड्यांत झालेला हा मुलगा खडकीच्या प्रशिक्षणात आपल्या तुकडीतला सर्वोत्तम रिक्रूट ठरला. त्याबद्दल त्याला कमांडंटची छडी मिळाली. मानाची छडी असते ती, आपल्या हातातली जुनी छडी नव्हे! पुढे नाईक म्हणून बढती मिळाली आणि त्याला २६ व्या इन्फंट्री डिव्हिजनच्या २८ फील्ड कंपनीत पाठवण्यात आलं. ठिकाण ब्रह्मदेशातलं आराकान. समोर जपानी.

आराकानची पहिली मोहीम इंग्रजांच्या अंगाशी आली. सैन्य मागे घ्यावं लागलं. मागे फिरताना बुथिडाँग इथली महत्त्वाची साधनसामग्री जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून ती नष्ट करायला सफरमैनाच्या काही लोकांना मागे ठेवलं. राणे त्यांच्यात होते. काम झाल्यावर नौदलाचं जहाज येऊन त्यांना घेऊन जाणार, असं ठरलं होतं. काम झालं. जहाज आलं नाही.

सगळे निघून गेलेत, आपण मूठभर मागे राहिलोय आणि सुटकेचा ठरलेला मार्ग बंद झालाय. पुढे नदी आणि नदीवर जपान्यांची गस्त. राणे आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या गस्तीला चुकवून स्वतःच नदी पार केली आणि आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. त्यानंतर राणे हवालदार झाले, पुढे जमादार. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्यापाशी पाच वर्षांचा असा अनुभव होता, जो कोणत्याच अभ्यासक्रमात नसतो.

स्वातंत्र्य आलं. १५ डिसेंबर १९४७ रोजी राणे सेकंड लेफ्टनंट झाले, म्हणजे अधिकारी. वय एकोणतीस. साधा रंगरूट म्हणून आत गेलेला माणूस साडेसात वर्षांनी स्वतंत्र भारताच्या सैन्यात अधिकारी. ज्या मुलांचं इंग्रजी कच्चं आहे, ज्यांना अधिकारी होणं आपल्यासाठी नाही असं वाटतं, त्यांना ही तारीख जरूर सांगा. शिपाई म्हणून शिरून अधिकारी होण्याची वाट आजही आहे, डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून ती जाते.

आणि चारच महिन्यांत ते चार दिवस आले.

काश्मीरचं युद्ध ऑक्टोबर १९४७ पासून पेटलेलं. राजौरी हे गाव नोव्हेंबरमध्येच हल्लेखोरांच्या हाती पडलं होतं आणि तिथल्या लोकांचे फार हाल झाले होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेऱ्यावरचा हल्ला ब्रिगेडियर उस्मान यांच्या सैन्यानं परतवला, मार्चमध्ये झांगर परत घेतलं. आता नौशेऱ्याहून राजौरीकडे जायचं होतं. अंतर म्हणाल तर पन्नास किलोमीटरच्या आसपास. आज गाडीनं दीड-दोन तास. पण तो डोंगरातला वळणावळणांचा रस्ता शत्रूनं जागोजागी अडवून ठेवला होता. झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या फोडलेल्या, मध्ये भूसुरुंग आणि वरच्या टेकड्यांवर मशीनगन. रणगाड्यांशिवाय राजौरी घेणं अवघड आणि रस्त्याशिवाय रणगाडे नेणं अशक्य. पायदळ ४ डोग्रा बटालियनचं, रस्त्याची जबाबदारी ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीची. तिचे प्रमुख सेकंड लेफ्टनंट राणे.

८ एप्रिल १९४८. सव्विसाव्या मैलाजवळ राणे आपली माणसं घेऊन सुरुंग काढायला निघण्याच्या तयारीत होते, तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. त्यांच्या तुकडीतले दोघं जागीच गेले, पाच जण जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. काम सुरू होण्याआधीच ही अवस्था. त्यांनी उरलेल्या माणसांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि कामाला लागले. दिवसभर रणगाड्यांच्या आसपास, गोळीबारात. दुपारी साडेचारच्या सुमाराला डोग्रांनी बरवालीची धार जिंकली. आसपास शत्रू अजून आहे हे माहीत असूनही राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी बाजूनं वाट काढायला लागले. रात्री दहापर्यंत काम चाललं.

सैन्यात या मोहिमेची एक हकीकत सांगतात. सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाडा नेताना राणे रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत पुढे सरकत राहिले. चालकाला खाली काय चाललंय ते दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. म्हणून त्याच्यापर्यंत दोन दोऱ्या नेलेल्या, एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. डोक्यावर कित्येक टनांचं लोखंड, दोन्ही बाजूंना फिरत्या साखळ्या आणि छातीखाली सुरुंग असण्याची शक्यता. मुलांना हे सांगताना मी दोरी घेऊन बाकाखालून सरपटायचा प्रयोग करून घेतो. वर बसलेल्यानं फक्त दोरीवर बाक हलवायचा. हसतात खूप, पण एक गोष्ट त्यांना बरोबर कळते, की खालच्या माणसाचा वरच्यावर केवढा विश्वास लागतो.

९ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात. दुपारी तीनला बाजूची वाट तयार झाली. रणगाडे निघाले तसे राणे सगळ्यात पुढच्या चिलखती गाडीत बसले. अर्धा मैल जातात तोच चीडाची झाडं आडवी. उतरले, सुरुंग लावून झाडं उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजले. रस्ता सापासारखा डोंगराला वेढे घेत चाललेला. पुढे मोरी फोडलेली, वरून मशीनगन. मोरीला वळसा घालून वाट काढली. असे आणखी कितीतरी अडथळे. सव्वासहाला उजेड कमी झाला तेव्हा समोर पाच मोठे चीड आडवे, भोवती सुरुंग आणि सगळं मशीनगनच्या टप्प्यात. राणे तिथंही काम सुरू करत होते, पण वरिष्ठांनी रात्रीपुरता ताफा थांबवला.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला ते परत त्याच झाडांपाशी होते. साडेसहापर्यंत तो अडथळा गेला. त्यापुढचे हजार यार्ड म्हणजे नुसते अडथळे आणि ढासळवलेल्या रस्त्याच्या कडा. साडेदहापर्यंत तेही मोकळे झाले. रणगाडे पुढे सुटले आणि तवी नदीच्या पात्रात उतरून दोन वाजता चिंगसला पोहोचले. मोगल काळातली सराई आहे तिथं, जहांगीर बादशहाच्या नावाशी जोडलेली.

इथं राणे थांबले असते तरी कुणी बोट ठेवलं नसतं. रणगाडे पोहोचले, म्हणजे त्यांचं काम झालं होतं. स्वतः जखमी, तीन दिवस धड झोप नाही. पण रणगाड्यांच्या मागे अन्न, दारूगोळा, औषधं घेऊन येणाऱ्या गाड्या होत्या आणि त्यांना नदीचं पात्र चालणार नव्हतं, त्यांना रस्ता हवा होता. राणे मागेच राहिले. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करत राहिले. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरू. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या दिवशी पुढच्या रस्त्याचं काम रात्री दहापर्यंत चाललं. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत शिरलं.

या चार दिवसांतला मला सगळ्यात आवडणारा भाग रणगाड्याखालचा नाही. दहा तारखेच्या दुपारी दोननंतरचा आहे. रणगाडे पुढे निघून गेले होते आणि हा माणूस मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी खड्डे भरत होता.

परमवीर चक्र हा सन्मान २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाला आणि तो १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमाला लागू केला गेला. या पदकाचा आराखडा केला तो सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्मानं युरोपातल्या, लग्नानं मराठी सैनिक घरातल्या. काश्मीरच्या त्या युद्धासाठी पाच जणांना परमवीर चक्र मिळालं. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग, कंपनी हवालदार मेजर पीरूसिंग हे तिघं रणांगणावरच गेले होते. जिवंत राहिलेले दोनच, करमसिंग आणि राणे.

हा आकडा मी त्या आईपासून लपवला नाही. पाचांतले तिघं परत आले नाहीत. आणखी एक गोष्टही सांगितली. राणे भरती झाले ती तारीख १० जुलै १९४०. त्यानंतर बरोबर चार वर्षांनी, १० जुलै १९४४ रोजी, रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे इटलीत एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथंच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. राणे भरती झाले त्याच वयाचे. सैन्यात गेलेल्या मुलाचं चरित्र सांगायचं तर दोन्ही सांगावीत, असं मला वाटतं. एकच सांगितलं तर ती भरतीची जाहिरात होते, नाहीतर भीती घालणं होतं.

राणे पुढे मेजरपर्यंत चढले. संपूर्ण सेवेत पाच वेळा त्यांच्या नावाचा लष्करी खलित्यांत खास उल्लेख झाला. लग्न १९५५ मध्ये झालं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. म्हणजे तरुणपणाची सगळी वर्षं छावण्यांत गेली. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. खडकीपासून सुरू झालेली वाट पुण्यातच संपली. कारवारला समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, गोव्याला सहल गेली तर तिथून पुढे जाऊन मुलांना जरूर दाखवा. २०२३ मध्ये अंदमानातल्या एकवीस बेटांना एकवीस परमवीरांची नावं दिली, त्यांतलं एक राण्यांचं आहे.

आता थोडं आजचं, कारण पालक शेवटी तेच विचारतात. बारावीनंतर अधिकारी व्हायचं तर एनडीए, परीक्षा वर्षातून दोनदा, प्रशिक्षण आपल्याच खडकवासल्याला. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, नौदल-हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. २०२२ पासून मुलीही तिथं शिकतात, हे मुलींच्या पालकांना वेगळं सांगा, बऱ्याच जणांना अजून ठाऊक नाही. दहावीनंतर एनडीएची तयारी करायची तर छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. शिपाई म्हणून जायचं तर २०२२ पासून अग्निवीर. चार वर्षं सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम. ही शेवटची ओळ पालकांना दोनदा वाचायला लावा. कायम झाला नाही तर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पुढे काय, हे आधीच घरात बसून बोलायला हवं. ती योजना आली तेव्हा नियमित वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस होती. त्या हिशेबानं बावीस वर्षांचे राणे रांगेत उभेच राहू शकले नसते! राण्यांना निर्णय घ्यायला शाळेनंतर काही वर्षं मिळाली. आपल्या मुलांना तेवढी सवड नाही, आणि मला वाटतं की आपण शिक्षकांनी हा विषय बारावीच्या निकालानंतर नाही, नववीतच काढला पाहिजे.

त्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मध्येच दोन प्रश्न विचारले. राणे जखमी झाले तेव्हा त्यांच्या घरी कुणी कळवलं असेल, हा एक. आणि एवढ्या उशिरा लग्न का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्याला ती स्वतःच हसली.

मग तिनं अग्निवीरचे चार वर्षांचे नियम एका कागदावर लिहून मागितले. मी लिहून दिले, पंचवीस टक्क्यांची ओळ ठळक केली. निर्गम उतारा तयार होता, तो मुलगा न्यायला येणार होता, पण तिनंच घडी घालून पिशवीत ठेवला. घरी तिघांनी बसून बोलायचं ठरलंय. अर्ज भरायला अजून अकरा दिवस आहेत.